पाण्याचें कुंपण

काश्मीरांत श्रीनगराजवळ हरवन येथें ज्यांनीं ट्राउट माशांचे हौद पाहिले असतील, त्यांच्या एक गोष्ट ध्यानांत आली असेल. डोंगरांतून आलेलें थंडगार पाणी एका तोंडानें आंत शिरतें, माशांच्या अंगावरून वाहत जातें आणि शेवटच्या जाळींतून बाहेर पडून पुन्हां आपल्या वाटेस लागतें. मासे आंत राहतात. पाणी राहत नाहीं. गुरांच्या गोठ्याला भिंत घालतां येते, कोंबड्यांच्या खुराड्याला दार लावतां येतें; परंतु ज्या प्राण्याचा श्वासच वाहत्या पाण्यावर अवलंबून आहे त्याला कोंडावें कसें? आणि त्यालाही एक वेळ कोंडतां येईल, पण त्याच्या रोगाला कसें कोंडावें? सव्वाशें वर्षांहून अधिक काळ युरोप व अमेरिका येथील लोक या प्रश्नाशीं झगडत आले आहेत. आमचा विषय इतिहास. प्राणिशास्त्रांत आमची गति बेताचीच. तरीही हें प्रकरण वाचतां वाचतां आम्हांस असें वाटूं लागलें कीं, राज्यांच्या आणि तहांच्या इतिहासांत जें सांपडत नाहीं असें कांहीं येथें सांपडतें. चांगल्या हेतूनें केलेली एक देवघेव शंभर वर्षांनीं कोणत्या रूपानें परत येते, त्याचा हा वृत्तांत आहे.

ट्राउट हा मासा मूळचा आपल्याकडचा नव्हे. ब्राउन ट्राउट म्हणून जी जात आहे ती युरोपची. ती काश्मीरांत आणण्यासाठीं १८९९ सालीं विलायतेहून अंडीं पाठविण्यांत आलीं, तीं वाटेंतच नासलीं. दुसऱ्या खेपेचीं अंडीं १९०० सालीं सुखरूप पोंचलीं व त्यांतून काश्मीरची ट्राउट-पैदास सुरू झाली. निलगिरीच्या पठारावर तर त्याआधींपासूनच खटपट चालू होती. महाराष्ट्रांत मात्र हा योग नाहीं. आमच्या सह्याद्रींतील नद्यांचें उन्हाळ्यांतलें पाणी या माशाला मुळींच सोसावयाचें नाहीं. म्हणून मराठी वाचकाला ट्राउट ठाऊक झाला तो इंग्रजी कादंबऱ्यांतून, नाहींतर काश्मीरच्या सहलींत ताटांत वाढलेला.

आतां मासा पाठवावयाचा तर अंडींच कां पाठवावयाचीं? याचें कारण असें कीं, ट्राउटच्या अंड्यांत पिलाचे काळे डोळे दिसूं लागले म्हणजे तें अंडें बरेंच चिवट बनतें. ओल्या शेवाळांत गुंडाळून, बर्फांत ठेवून तें आठवडेच्या आठवडे प्रवास करूं शकतें. मादीच्या पोटांतून हातानें अंडीं काढून त्यांवर नराचें रेत मिसळावें व पिलें उबवावीं, ही युक्ति याकोबी नांवाच्या जर्मन गृहस्थानें अठराव्या शतकांतच दाखवून दिली होती. पण तिच्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें १८४० च्या दशकांत फ्रान्सच्या व्होज डोंगरांतील रेमी नांवाच्या एका साध्या कोळ्यानें ती स्वतंत्रपणें पुन्हां शोधून काढिली, आणि १८५२ सालीं फ्रेंच सरकारनें ह्युनिंग येथें मोठें अंडीघर उभारिलें. त्यानंतर युरोपांत ठिकठिकाणीं मत्स्यक्षेत्रें निघालीं. नद्यांतले मासे कारखान्यांच्या घाणीनें व अतोनात मासेमारीनें ओसरूं लागले होते; ते हातानें भरून काढतां येतील ही कल्पनाच त्या शतकाला मोहक वाटली असल्यास नवल नाहीं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील नद्यांत दुसरी एक जात होती. तिच्या अंगावर गुलाबी पट्टा असून तिला रेनबो, म्हणजे इंद्रधनुषी ट्राउट म्हणतात. कॅलिफोर्नियांतील मॅक्क्लाउड नदीकांठीं अमेरिकन सरकारनें १८७९ सालीं या जातीचें केंद्र काढिलें, आणि १८८० च्या दशकांत तिचीं अंडीं जर्मनींत जाऊन पोंचलीं. मासा लवकर वाढतो, थोडें कोमट पाणी सहन करितो, दाटीवाटींत राहतो आणि जें घालावें तें खातो. मत्स्यपालकाला याहून अधिक काय हवें? थोड्याच वर्षांत बव्हेरियापासून डेन्मार्कपर्यंतच्या हौदांत हा अमेरिकन पाहुणा घरचा झाला.

येथून दुखण्याचा इतिहास सुरू होतो. १८९४ सालीं एमेरिख व वाइबेल या दोघांनीं बव्हेरियांतील एका मत्स्यक्षेत्रांतल्या मेलेल्या ट्राउटमधून एक जंतु वेगळा काढिला. त्यानें माशाच्या मांसांत गळवें येत. फुरुंक्युलोसिस हें त्या रोगाचें नांव गळू याच अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलें आहे. हा रोग उन्हाळ्याचा. पाणी तापलें, प्राणवायु कमी झाला, गर्दी झाली कीं तो उसळतो.

त्याच सुमारास रेनबोच्या पिलांत एक विलक्षण प्रकार दिसूं लागला. दोनतीन महिन्यांचीं पिलें आपलीच शेपटी धरावयास धांवल्याप्रमाणें पाण्यांत गिरक्या घेत, शेपटीकडचा भाग काळा पडे, आणि जीं जगत त्यांचीं डोकीं वांकडीं, पाठीचे कणे वळलेले राहत. जर्मन लोकांनीं याला गिरकीचा रोग असेंच नांव दिलें. म्युनिक येथील ब्रुनो होफर यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. माशांच्या रोगांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९०४ सालचा असून मत्स्यवैद्यकाचा पाया त्यांनींच घातला असें मानितात. त्यांच्या सहकारी मारियाने प्लेन या विदुषींनीं १९०५ सालीं हा रोग करणाऱ्या परोपजीवी जीवाचें वर्णन केलें. तो सूक्ष्म जीव पिलाच्या डोक्यांतील व कण्यांतील कोंवळी कूर्चा खातो. कूर्चेचें हाड होण्यापूर्वीं जीं पिलें त्याच्या तावडींत सांपडतात त्यांचाच घात होतो. मोठ्या माशाला त्याची बाधा झाली तरी बाहेरून कांहीं दिसत नाहीं. (प्लेनबाईंना १९१४ सालीं बव्हेरियांत प्राध्यापक ही पदवी मिळाली, आणि ती मिळविणाऱ्या त्या तेथील पहिल्या स्त्री होत. वर्ष न् वर्ष मेलेले मासे चिरीत बसणाऱ्या या बाईंचें नांव शास्त्रज्ञांच्या चरित्रमाला लिहिणारांस सहसा आठवत नाहीं.)

यांतली मेख पुढें उलगडली. युरोपच्या ब्राउन ट्राउटच्या अंगांत हा जीव पूर्वापार राहत होता आणि दोघांचें कसेंबसें जमून गेलें होतें. ब्राउन ट्राउट त्यानें क्वचितच आजारी पडे. अमेरिकेहून आलेल्या रेनबोला मात्र त्याची ओळख नव्हती. म्हणजे रोग नवा नव्हता, रोगी नवा होता. आपल्या देशांत साहेब लोक आल्यावर जे आजार येथल्या लोकांस किरकोळ वाटत ते त्यांना जीवघेणे ठरत, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

ब्रिटनांत गाजला तो गळवांचा रोग. नद्यांतून मेलेले मासे वाहूं लागले तेव्हां १९२९ सालीं एक समिति नेमण्यांत आली व तिनें १९३५ पर्यंत तीन अहवाल सादर केले. सरकारी समित्यांचे अहवाल आवडीनें वाचणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. पण या समितीनें एक गोष्ट पक्की मनावर ठसविली. मासा अगदीं ठणठणीत दिसत असतां त्याच्या आंत जंतु दडून असूं शकतो, आणि असाच मासा नव्या पाण्यांत सोडला कीं तेथें सांथ लागते. रेनबोच्या अंगीं या रोगाला तोंड देण्याची शक्ति अधिक. म्हणून तो स्वतः तगून दुसऱ्याला मारणारा वाहक होण्याचा संभव अधिक. गिरकीच्या रोगांत ब्राउन ट्राउट वाहक आणि रेनबो बळी. येथें भूमिकांची अदलाबदल झाली. या अहवालांचें फळ म्हणजे १९३७ चा मत्स्यरोगांचा कायदा. त्यानें परदेशांतून या कुळांतले जिवंत मासे आणण्यास बंदी केली, अंडीं परवान्यानेंच आणावीं असें ठरविलें, रोगाचा संशय येतांच कळविण्याचें कर्तव्य संबंधितांवर घातलें, आणि रोगग्रस्त म्हणून जाहीर केलेल्या टापूंतून जिवंत मासा किंवा अंडें परवानगीशिवाय हलवूं नये असा निर्बंध घातला. युरोपावर युद्धाचे ढग दाटत असतां पार्लमेंटला माशांच्या गळवांसाठीं वेळ सांपडला, याचें कोणास हसूं येईल. आम्हांस मात्र त्यांत एक शहाणपण दिसतें. कुंपण पाण्याला घालतां येत नाहीं हें ओळखून तें मनुष्याच्या व्यवहाराला घालण्याचा हा पहिल्या प्रयत्नांपैकीं एक होता.

या कामांत सर्वांत चिकाटी दाखविली ती डेन्मार्कनें. जटलंडच्या सपाट प्रदेशांतील लहान लहान ओढ्यांवर रेनबोचीं मातीचीं तळीं एकाखालीं एक बांधलेलीं होतीं. वरच्या क्षेत्राचें सांडपाणी तेंच खालच्याचें पिण्याचें पाणी. १९५० च्या दशकांत तेथील एग्टवेड नांवाच्या खेड्याजवळ एक रोग प्रसिद्धीस आला. मासे काळवंडत, डोळे बाहेर येत, कल्ले रक्तहीन होऊन फिकट पडत आणि मांसांत रक्तस्रावाचे ठिपके दिसत. हा रोग थंड पाण्याचा. पाणी तापलें कीं ओसरतो. १९६० च्या दशकाच्या आरंभीं येन्सन यांनीं त्याचा विषाणु वेगळा काढिला, आणि त्या खेड्याचें नांव मत्स्यवैद्यकांत कायमचें जाऊन बसलें. स्वतःच्या गांवाची अशी कीर्ति व्हावी असें कोणत्याही गांवकऱ्यास वाटलें नसेल!

१९६५ सालीं निर्मूलनाची मोहीम सुरू झाली त्या वेळीं देशांतील सुमारें ४०० क्षेत्रें बाधित होतीं. औषध नव्हतें, आजही या विषाणूवर औषध नाहीं. उपाय एकच होता: क्षेत्र संपूर्ण रिकामें करावयाचें, मासे मारावयाचे, तळीं कोरडीं पाडून चुना किंवा दुसरें निर्जंतुक द्रव्य टाकावयाचें, कांहीं काळ पडीत ठेवावयाचें आणि मग रोगमुक्त म्हणून ठरलेल्या ठिकाणचींच अंडीं किंवा पिलें आणावयाचीं. हें करावयाचें तें ओढ्याच्या उगमाकडून खालीं. खालचा शेतकरी कितीही स्वच्छ असला तरी वरचा तयार झाल्याशिवाय त्याची स्वच्छता फुकट. वरच्याला आपलें पीक मारून टाकण्यास सांगावयाचें तें बऱ्याच अंशीं खालच्याच्या हितासाठीं. पाटाच्या पाण्यावरून आपल्या खेड्यांत जीं भांडणें होतात तीं ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस या कामाची अवघड जागा सांगावयास नको. शिवाय एक दार उघडेंच होतें. समुद्रांतले स्वस्त मासे कच्चे चिरून ट्राउटला खाऊं घालण्याची तेथें चाल होती. पुढें समुद्रांतील माशांतही याच कुळांतला विषाणु सांपडला. ती चाल बंद होऊन कोरडें खाद्य आलें. ४०० वरून आकडा हळूहळू उतरत गेला, २००९ सालीं शेवटची लागण आढळली, आणि २०१३ सालीं डेन्मार्क या रोगापासून मुक्त म्हणून मान्य झाला. जवळजवळ अर्धें शतक! हा विजय फार दिवस उपभोगतां आला नाहीं. २०२१ च्या मे महिन्यांत तेथें दुसऱ्याच एका विषाणूचा शिरकाव झाल्याचें उघड झालें, आणि तो मूळचा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा.

रोगाची पाळत ठेवावयाची म्हणजे रोज करावयाचें काय, हें येथेंच सांगितलेलें बरें. चांगल्या क्षेत्रावर सकाळीं पहिलें काम मेलेले मासे वेंचण्याचें. ते मोजून वहींत हौदवार लिहावयाचे. रोज दोन मरत असतां एके दिवशीं नऊ मेले तर ती घंटा. पाण्याची उष्णता व त्यांतील प्राणवायु मोजावयाचा. मासे खाद्यावर झडप घालतात कीं आळसावून कांठाशीं उभे राहतात, कल्ल्यांचा रंग लाल आहे कीं पांढुरका, हें पाहावयाचें. प्रत्येक हौदाचें जाळें निराळें ठेवावयाचें. बूट औषधी पाण्यांत बुडविल्याशिवाय आंत यावयाचें नाहीं. बाहेरून आलेलीं अंडीं आयोडीनच्या द्रावणांत धुवावयाचीं. हें सारें डोळ्यांना दिसणाऱ्या रोगासाठीं. दडलेल्या रोगासाठीं मासे मारून त्यांची प्रयोगशाळेंत तपासणी करावी लागते, आणि तेथें गणिताशीं गांठ पडते. हजारो माशांतून यदृच्छेनें ६० मासे तपासले आणि शेंकडा ५ किंवा अधिक मासे बाधित असले, तर त्या ६० मध्यें निदान एक तरी सांपडण्याचा संभव शेंकडा ९५ असतो. बाधित शेंकडा दोनच असतील तर तितक्याच खात्रीसाठीं सुमारें १५० मासे लागतात. म्हणजे साठांत एकही सांपडला नाहीं याचा अर्थ क्षेत्र शुद्ध आहे असा नव्हे. रोग असलाच तर थोडा असावा, एवढाच. निरोगीपणाचा दाखला हा नेहमीं अशा अंदाजाच्या कागदावर लिहिलेला असतो, आणि तो वाचणारा बहुधा अंदाज विसरून दाखलाच लक्षांत ठेवितो.

जाळ्यांचेंही तसेंच. छिद्रें पिलाच्या डोक्याहून बारीक हवींत. पण बारीक छिद्रांत पाला व शेवाळ अडकून पाणी तुंबतें आणि कांठावरून सांडतें. त्या सांडीबरोबर मासेही जातात, म्हणून जाळ्या दुहेरी लावून घासाव्या लागतात. एका पुरांत सगळी व्यवस्था वाहून जाऊं शकते. निसटलेला रेनबो ब्रिटनच्या नद्यांत फारसा वंश वाढवीत नाहीं. परंतु जेथें पाणी मानवतें तेथें तो स्थानिक माशांना हुसकावून लावितो, आणि जगांतील अत्यंत उपद्रवी अशा १०० आगंतुक जीवांच्या प्रसिद्ध यादींत रेनबो व ब्राउन या दोन्ही ट्राउटचीं नांवें आहेत. बगळा तर कोणत्याच जाळीला जुमानीत नाहीं. गिरकीच्या रोगाचे बीजाणु त्याच्या पोटांतून जिवंत बाहेर पडतात हें प्रयोगानें दाखविण्यांत आलें आहे.

त्या गिरकीकडे आतां वळूं. १९५८ सालीं अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील एका मत्स्यकेंद्रावर हा रोग ओळखला गेला. तो कसा आला याविषयीं निश्चित पुरावा नाहीं. युरोपांतून आणलेल्या गोठविलेल्या ट्राउटमधून आला असावा असा तर्क आहे. कसाही असो, ज्या माशाला घेऊन जाऊन युरोपानें रोगी केलें, त्याच्या माहेरीं तो रोग जाऊन पोंचला.

तोंपर्यंत या रोगाच्या प्रसाराची रीत कोणालाही नीट ठाऊक नव्हती. आजारी माशांतले ताजे बीजाणु निरोगी पिलांना खाऊं घातले तर कांहींच होत नसे. तेच कांहीं महिने तळ्याच्या गाळांत राहिले कीं रोग होई. गाळांत बीजाणु मुरतात अशी समजूत करून घेऊन सर्वांनीं समाधान मानिलें होतें. १९८४ सालीं केन वुल्फ व मारिया मार्किव्ह या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं हें कोडें सोडविलें. गाळांत राहणारा ट्युबिफेक्स नांवाचा गांडुळाच्या कुळांतला बारीक तांबडा किडा तो बीजाणु गिळतो. त्याच्या पोटांत त्या जीवाचें रूप पार पालटतें, आणि नांगरासारखे तीन फांटे असलेला एक नवाच जीव पाण्यांत बाहेर पडून पिलाच्या कातडीस चिकटतो. गंमत अशी कीं, हा त्रिशूळधारी जीव शास्त्राला पूर्वींपासून ठाऊक होता; त्याला एका वेगळ्याच वर्गांत घालून त्याचें स्वतंत्र नामकरणही झालें होतें. एकाच प्राण्याच्या दोन अवस्था दोन कपाटांत ठेवून शास्त्रज्ञ पाऊण शतक त्यांच्यामधून ये-जा करीत होते! आमच्याकडील ताम्रपटांचें असें कांहीं झालें असल्यास तें अजून उघडकीस यावयाचें आहे.

किडा गाळांत राहतो हें कळतांच उपाय स्पष्ट झाला. मातीचीं तळीं मोडून सिमेंटचे हौद करावे, ओढ्याऐवजीं झऱ्याचें किंवा विहिरीचें पाणी घ्यावें, आणि पिलाच्या डोक्याचें हाड बनेपर्यंत त्याला या पाण्याबाहेर जाऊं देऊं नये. ज्यांनीं हें केलें त्यांची क्षेत्रें सुधारलीं. कोलोरॅडो संस्थानांत मात्र १९८७ सालीं रोग आढळल्यावरही तेथील सरकारी केंद्रांतून बाधित मासे कांहीं वर्षें नद्यांत सोडले गेले. मोठा मासा आजारी दिसत नाहीं. पेन्सिल्व्हेनियांत व इतर पूर्वेकडील संस्थानांत इतकीं वर्षें हा जीव असून रानांतल्या नद्यांत मोठासा अनर्थ झालेला नव्हता. आणि गळ टाकून बसणाऱ्या हौशी लोकांना मासे तर हवेच होते. हीं कारणें त्या वेळीं पटण्यासारखीं होतीं हें कबूल करावयास हवें. १९९० च्या दशकाच्या आरंभीं कोलोरॅडो नदीच्या वरच्या भागांत रेनबोचीं लहान पिलें दिसेनाशीं झालीं. १९९४ सालीं मोंटाना संस्थानांतील प्रसिद्ध मॅडिसन नदीच्या कांहीं पट्ट्यांत रेनबोंची संख्या शेंकडा ९० नीं घटल्याचें जाहीर झालें. हे हौदांतले पाळीव मासे नव्हते. पिढ्यान् पिढ्या नदींत आपलें आपण वाढणारे होते. जुने मासे पाण्यांत पोहत होते, अंडीं घालीत होते, आणि त्यांच्यामागून येणारें कोणीच नव्हतें. नदींतला ब्राउन ट्राउट, जो युरोपांतून आणून तेथें सोडलेला होता, तो मात्र आपल्या जुन्या सोबत्यासह खुशाल होता.

नदीला चुना घालून कोरडी पाडतां येत नाहीं. तेव्हां शोध सुरू झाला तो हा रोग सोसणाऱ्या माशाचा, आणि तो सांपडला जर्मनींत. तेथील होफर नांवाच्या मत्स्यक्षेत्रांत (प्राध्यापक होफरांशीं हा केवळ नामयोग) रेनबोचा एक वाण शंभरांवर वर्षें त्या परोपजीवी जीवाच्या संगतींत वाढला होता. जीं पिलें मरावयाचीं तीं मरून गेलीं होतीं व उरलेल्यांच्या वंशजांच्या अंगीं प्रतिकार आला होता. नव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्या वाणाचीं अंडीं अमेरिकेंत आणण्यांत आलीं. पण हौदांत इतकीं वर्षें काढल्यानें तो मासा इतका माणसाळला होता कीं, सावली पडली तर पळण्याऐवजीं खाद्याच्या आशेनें वर येई. म्हणून कोलोरॅडोच्या रानट मूळ जातींशीं त्याचा संकर करण्यांत आला आणि ती संतति त्या नद्यांत सोडण्यांत येऊं लागली. कांहीं नद्यांत तिचीं स्वतःचीं पिलें आतां दिसूं लागलीं आहेत. कांहींत अजून नाहींत. सोडण्यापूर्वीं प्रत्येक तुकडीची डोकीं तपासतात. जीं तपासलीं जातात तीं अर्थातच नदींत जात नाहींत.